तेल्याच्या मागावर बिराजदार मॅडम

डॉ. शैलजा बिराजदार मॅडमना मी प्रथम भेटलो, तेव्हा त्यांचा विद्यार्थी नव्हतो. वळसंगच्या आमच्या डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग आला होता. तेलकट डागांची पाने पिशवीत घालून वडिलांनी मला सोलापूरला त्यांच्या महाविद्यालयात पाठवले. मॅडमनी पान उजेडाकडे धरले. "जिवाणूचं काम आहे. बाग बघायला हवी." दुसऱ्या दिवशी त्या एसटीने वळसंगला हजर!

वडील वैतागलेले होते. "येवडं शिकून तुमी झाड बरं करू शकत न्हाय व्हय?"

"नाही, आबा. अजून तरी नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. मग पदर खोचून त्यांनी रोगट फांद्या छाटल्या आणि दर झाडानंतर कात्री जंतुनाशकात बुडवायला शिकवले. बरीचशी बाग वाचली. पुढे मी त्यांच्याकडेच संशोधनाला लागलो.

भातावर करपा आणणारा एक जिवाणू झाडाच्या वाढीच्या संप्रेरकासारखे छोटे प्रथिन बनवतो; झाडाला ते आपलेच वाटते. मॅडम हे वर्गात फार गोड समजावत. "घरातल्या माणसाचा आवाज काढून कुणी हाक मारली, तर आपण कडी काढणारच की!" तेल्याचा जिवाणूही असेच फसवतो का, हा त्यांचा ध्यास.

आमच्या प्रयोगात त्याच्या एका प्रथिनाने रोपांची मुळे लांब वाढलेली दिसली. परिषदेत मॅडमचे व्याख्यान ठरले. निघण्याआधी मी प्रयोग पुन्हा केला, तर नुसत्या पाण्यावरची रोपेही तेवढीच वाढली! पहिल्या वेळी प्रथिनाची रोपे खिडकीच्या उबेत होती, एवढेच. सहकारी म्हणाले, "आत्ता बोलून टाका, मग तपासू." मॅडमनी ऐकले नाही. व्यासपीठावर त्या म्हणाल्या, "आमचा निष्कर्ष चुकला. माझ्या विद्यार्थ्यानं तो खोडला." आणि सभागृहात माझे नाव घेऊन मला उभे केले. मी संकोचून नमस्कार केला. त्या मात्र अभिमानाने हसत होत्या.

उत्तर अजून सापडलेले नाही. रोपे आता एकाच उबेत वाढताहेत. साठी झाली, आता विश्रांती घ्या, असे परवा कुणी सुचवले, तर म्हणाल्या, "प्रयोगशाळेची किल्ली तेवढी मागू नका."

मॅडम, किल्ली तुमच्याकडेच राहो. निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि आमचे निष्कर्षही अजून पुष्कळदा खोडून काढा.