एका वेळी एकच

काम सुरू करण्याआधी ते खुर्चीत बसत आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना थंडी वाजतेय. मी पंखा बंद करायला उठलो.

"राहू द्या सर," ते म्हणाले. "हात मोकळे ठिवले की ते कायतरी करत्यात. आधी बघू, मग करू."

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आल्या आल्या दहा खिडक्या उघडतात, जीभ टाळ्याला लावून चुकचुकतात आणि "सर, हा आता जुना झाला" असं अशा आवाजात सांगतात की आपल्याला ते आपल्याबद्दलच वाटावं. हे गृहस्थ त्यातले नव्हते. पण शांत होते असं मात्र कृपा करून समजू नका. इतका अस्वस्थ माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. चहा उभ्याने पीत. फोनवर बोलताना चालत सुटत. एकदा बोलणं संपलं तेव्हा ते आमच्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांसमोर उभे होते आणि तिथे कसे आलो याचं त्यांनाच नवल वाटत होतं. खिशातला स्क्रूड्रायव्हर बोटांत सारखा फिरे. असा माणूस दर घरी जाऊन आधी स्वतःच्या हातांवर बसत असे. ही त्यांची साधना म्हणायला हरकत नाही, पण हा शब्द त्यांच्यासमोर वापरला असता तर ते हसले असते.

ते मूळचे वारज्याचे. शेत होतं तिथे आता इमारती आहेत. "आमच्या ज्वारीच्या रानात आता लिफ्ट हाय," असं ते सांगत, त्यात दुःख किती आणि अभिमान किती हे मला कधी कळलं नाही. एका कंपनीत बारा वर्षं इलेक्ट्रिशियन होते. कंपनी बंद पडली, तेव्हा चाळिशीत कॉम्प्युटर शिकले. वारज्यात एका जिन्याखाली दुकान होतं. दुकानात ते क्वचितच सापडत, कारण एका जागी थांबणं त्यांना जमत नसे.

आमच्याकडे ते आले त्याचं कारण माझी बायको.

ती गाणं शिकवते. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचा क्लास तीस वर्षं चालला. गेल्याच्या आदल्या वर्षी श्रावणात ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि सतरंजीवरचा क्लास पलंगाशेजारच्या कॉम्प्युटरवर आला. खराडीच्या ऑफिसातून दमून आलेली मुलं, वारज्यातल्या दोन गृहिणी, एक निवृत्त बँकवाले. सगळे पडद्यावर चौकोनात बसून "काकू, नमस्कार" म्हणत. ती वॉकर घेऊन चार पावलं टाकायची, पण त्या चौकोनांसमोर बसली की तिचा कणा सरळ व्हायचा.

मग कधीतरी आवाज अडखळायला लागला. पूर्ण जात नसे. अडकित्त्यात सुपारी कातरावी तसा कट् आवाज येई आणि पुढचा स्वर उशिरा पोचे. पडद्यावरचा बाण मध्येच थिजे आणि एकदम भलतीकडे उडी मारे. नुसतं लिहायचं असेल, इंटरनेट बंद असेल, तर मशीन शहाण्यासारखं वागे. इंटरनेट सुरू झालं की त्याला उचकी लागे.

विद्यार्थी काही बोलले नाहीत. "काकू, ती जागा परत एकदा दाखवता का?" एवढंच. पुण्यात लोक टोमणे मारतात तोवर काळजीचं कारण नसतं. ते सौम्य बोलायला लागले की समजावं, प्रकरण गंभीर आहे. पुढे एकेकाला ऑफिसचं काम निघालं. एकीच्या सासूबाई आल्या. चौकोन कमी झाले.

एका गुरुवारी तिने आपल्याच क्लासचं रेकॉर्डिंग लावून ऐकलं. दोनदा ऐकलं. मग दूध नासलंय हे सांगावं तसं म्हणाली, "माझी सम चुकतेय."

"अगं, ते मशीन—"

"मशीनला नावं ठेवू नका. वय झालं की लय जाते, मी माझ्या गुरुजींचं पाहिलंय. त्यांना कुणी सांगितलं नाही. मी तशी वाट बघणार नाही. रविवारी सगळ्यांना सांगते, क्लास बंद."

मी निवृत्त प्राध्यापक आहे. संकटात आम्ही एक तर समिती नेमतो नाहीतर एकदम सगळं बदलतो. समितीला वेळ नव्हता. त्या एका दिवसात मी इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतला, नवा राउटर आणला, नवे हेडफोन आणले, मशीन उघडून ब्रशने झाडलं आणि नाव ओळखीचं नव्हतं ते प्रत्येक सॉफ्टवेअर काढून टाकलं. इंटरनेटवाल्यांना फोन केला. "सर, तुमचा स्पीड उत्तम आहे," एका मुलीने माझं अभिनंदन केलं. चौथ्या मजल्यावरचा आयटीतला तरुण गळ्यातलं ओळखपत्र न काढता येऊन गेला. "काका, हे लेगसी आहे, जुनाट. थ्रो इट." उचकी तशीच.

शुक्रवारी सकाळी दूधवाल्याने या वारज्याच्या गृहस्थांचं नाव सुचवलं आणि ते तासाभरात हजर झाले. हातांवर बसले.

"काय काय बदललं?"

मी यादी सांगितली. त्यांनी डोळे मिटून ती ऐकली, नातेवाइकाची तब्येत ऐकावी तशी.

"सर, पाच औषधं एकदम घेतली. आता ताप उतरला तर कुणाचं नाव घ्यायचं? आन् नाय उतरला तर कुणाला शिव्या द्यायच्या? एका वेळी एकच. एक बदलायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरं."

"पाच मिनिटं?"

"मलाबी जड जातंय," ते म्हणाले. "त्याच्याआधी कधी कायतरी नवीन लावलंय का?"

"काहीही नाही," मी ठणकावून सांगितलं.

"लोक डॉक्टरला आन् मला हेच सांगत्यात." मग ते पलंगाकडे वळले. "बाई, तुमाला काय वाटतं?"

हा प्रश्न तोवर तिला कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

"मला वाटतं मशीनला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मला झालंय."

"अगं, तसं काही—"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मांडीखालून काढलेला तो हात त्यांनी परत जागेवर ठेवला. काही वेळ त्यांच्या पायाची हालचालसुद्धा बंद झाली.

"आमची आई शेवटची दोन वर्षं म्हणायची, भिंतीत कायतरी घुमतंय. झोप लागत नाय. आमी म्हणायचो, वय झालं. कानाच्या डॉक्टरला दावलं, मग डोक्याच्या. ती गेल्यावर खोली आवरली. फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर भिंतीच्या पलीकडून बरोबर तिच्या उशाला ठोकलेला. त्याचं बटण बंद केलं आन् भिंत गप झाली. बारा वर्षं कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो बाई. घरात ऐकलं नाय."

त्यांनी हात सोडवले आणि कामाला लागले.

आधी त्यांनी इंटरनेट बंद केलं. बाकी कशाला हात लावला नाही. "बाई, गावा. जे येतं ते." ती नको म्हणाली. ते म्हणाले, "तपासणी हाय. मला गाण्यातलं काय कळत नाय, तुमी निवांत गावा." तिने तबल्याचा ठेका लावला आणि यमनातली एक चीज पाच मिनिटं गायली. मशीनने ती टिपून घेतली. तेवढा वेळ हे गृहस्थ घड्याळाच्या काट्याकडे असे बघत होते, जणू तो ते स्वतःच ढकलतायत.

मग इंटरनेट सुरू, तीच चीज, तेवढाच वेळ.

मग दोन्ही लागोपाठ ऐकवली. पहिली स्वच्छ. आठ वेळा सम आली, आठही वेळा पाऊल उंबऱ्यावर पडावं तशी जागच्या जागी. दुसरीत तोच गळा, तोच ठेका, आणि मध्ये अडकित्ता.

"तुमचं बरोबर हाय बाई," ते म्हणाले. "तुमी कुठं चुकत नाय. हे मधी बोलतंय."

पहिलं रेकॉर्डिंग तिने परत लावायला सांगितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे पार्किंगमधल्या स्कूटरींशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

"पण मधे बोलतंय कोण?" तिने विचारलं.

त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर पट्ट्या उभ्या राहिल्या, हिरव्या, आणि दर थोड्या वेळाने एक लाल. "तुमच्या सोसायटीची मीटिंग असती ना? हॉल मोठा हाय, माणसं शहाणी हायत. पण एक मेंबर दर मिनिटाला उभा राहतो आन् बसतच नाय. तोवर बाकीचे गप. स्पीड कमी नाय सर. एकजण खाली बसत नाय."

तो मेंबर आमच्या सोसायटीत कोण हे तिघांनाही कळलं. त्यांना आमची सोसायटी माहीत नव्हती, तरीही.

मग ते मशीनच्या मागे वाकले. एक केबल काढली, पाच मिनिटं. परत लावली, दुसरी काढली, पाच मिनिटं. या पाच-पाच मिनिटांत मी नखं खाल्ली, पेपरची दोनदा घडी केली. चौथ्या वेळी ते सरळ झाले तेव्हा त्यांच्या हातात अंगठ्याच्या नखाएवढी, वायरीशिवाय इंटरनेट ओढणारी वायफायची काडी होती. पडद्यावर सगळं हिरवं झालं.

"हे कधी लावलं?"

"फार दिवस झाले," मी प्राध्यापकी आवाजात म्हणालो.

"कधी?"

"दिवाळीच्या आधी असेल."

"आन् बाई, तुमचा आवाज तुटायला कधी लागला?"

"दिवाळीच्या आधी," ती पलंगावरून म्हणाली.

मला इथे थोडी बाजू मांडू द्या. पूर्वी राउटरपासून मशीनपर्यंत जमिनीवरून वायर होती. एका संध्याकाळी तिचा वॉकर त्या वायरीत अडकला. ती पडली नाही, मी तिला वेळेत धरलं. त्याच संध्याकाळी मी वायर काढून फेकली आणि ती काडी आणली. इतकी क्षुल्लक वस्तू की सांगायची म्हणून लक्षातही राहिली नाही. तीन महिने तिने स्वतःच्या गळ्यावर संशय घेतला तो माझ्या त्या काळजीमुळे. मी हे सगळं बोललो. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "विचारायचं तरी." त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलली, आणि ते योग्यच होतं.

"सरांची चूक नाय," ते म्हणाले. "वायर जमिनीवरनं घेतली ही चूक. वरनं घ्यायची." दुपारी ते वायर आणि क्लिपा घेऊन आले. स्टुलावर चढून त्यांनी हॉलच्या दारावरून, पॅसेजच्या कडेने, बेडरूमच्या चौकटीवरून वायर नेली. स्टुलावर ते एकदाही डगमगले नाहीत. जमिनीवर उतरले की पुन्हा फेऱ्या. बेडरूमच्या चौकटीवर शेवटची एक क्लिप कमी पडली. तिथे वायर जराशी खाली लोंबत होती.

"एक राहिली. जाता येता आणून लावतो."

रविवारी क्लास झाला. बंद करण्याचं भाषण झालं नाही. पहिल्याच चिजेनंतर बँकवाले म्हणाले, "काकू, आज काहीतरी वेगळंच!" तिने मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं नाही. महिन्याभरात सासूबाई परत गेल्या, ऑफिसची कामं संपली, चौकोन भरले.

पुढे ते दोन-तीनदा येऊन गेले, दुसऱ्यांच्या घरी जाता जाता. चौथ्या मजल्यावरच्या तरुणानेही आपलं नवंकोरं मशीन अडखळतंय म्हणून त्यांनाच बोलावलं, पण ते गुपचूप. प्रत्येक वेळी आमच्या दारात उभ्याने चहा, वर चौकटीकडे एक नजर आणि "अरे, ती क्लिप!" खिसे चाचपत. खिशात स्क्रूड्रायव्हर, फ्यूज, गोळ्यांची दोन पाकिटं, सगळं निघे. क्लिप नसे.

त्या गोळ्या कसल्या, हे मी विचारलं नाही. विचारायचं तरी.

पावसाळ्यानंतर ते बरेच दिवस दिसले नाहीत, म्हणून मी फोन केला. त्यांच्या मुलीने उचलला.

"पप्पा गेले काका. दोन महिने झाले. हार्टचं होतं." मग कामाच्या आवाजात, त्यांच्यासारख्याच, "कॉम्प्युटरचं काही होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "एक क्लिप राहिली होती."

"क्लिप?"

"काही नाही, बाळ. आईला सांभाळ."

क्लिपा कर्वेनगरच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मी आणलेली नाही. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने एकदा आपण होऊन ती लोंबती वायर ठोकायला हातोडी काढली, तेव्हा बायकोने त्याला असा काही नकार दिला की तो चहाही न घेता गेला.

मागच्या आठवड्यात मशीन पुन्हा अडखळलं. क्लासला वीस मिनिटं होती. माझा एक हात राउटरच्या बटणाकडे गेला आणि दुसरा मशीन बंद करायला.

"अहो," ती म्हणाली. "हात."

मी खुर्चीत बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. तिने आदल्या रात्री जोडलेला नवा मायक्रोफोन काढला. फक्त तेवढाच. मग ठेका लावला आणि जुन्या मायक्रोफोनसमोर गायला लागली. चौकटीवरची वायर पंख्याच्या वाऱ्याने किंचित हलत होती. तिसऱ्या मिनिटाला माझी बोटं मांडीखाली वळवळायला लागली. तिने ते पाहिलं, आणि गाणं न थांबवता डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर ताल धरला.

सम आली, जागच्या जागी. मी घड्याळाकडे बघितलं. अजून दोन मिनिटं होती.