वरुड ते डोनेगल, व्हाया ब्लँचर्डस्टाउन

किस्से काही ठरवून जमत नाहीत. आपण रस्ता चुकतो, भिजतो, एकमेकांवर वैतागतो, आणि त्या वेळी यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं अजिबात वाटत नाही. मग वर्षभरानं कुणीतरी घरी जेवायला येतं, दुसऱ्या पोळीला विषय निघतो आणि लक्षात येतं, अरे, हे तर पोतंभर साठलंय!

आमच्याकडे तो विषय म्हणजे डोनेगल. आयर्लंडचं वायव्येकडचं टोक. सहा दिवस, एक गाडी, पाच माणसं. जुलै २०२०.

माझे आई-बाबा फेब्रुवारीत आमच्याकडे, डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात आले होते, तीन महिन्यांसाठी. मे महिन्यात परत विदर्भात, वरुडला जायचं होतं, विमानंच बंद! मंजिरी, माझी बायको, डॉक्टर. मार्चपासून तिची कोविड वॉर्डात ड्युटी. घरी आली की सरळ बॉक्सरूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीत. जेवणाचं ताट दाराबाहेर. आमची ईरा आठ वर्षांची, ती रोज बंद दाराला गाल लावून गुडनाइट म्हणायची. अकरा आठवडे! जुलैत देशात फिरायची परवानगी मिळाली आणि मंजिरीला सहा दिवसांची रजा. मी विचारलं, "कुठं जाऊ या?"

"जिथं समुद्र असेल आणि माणसं नसतील तिथं," ती म्हणाली.

* * *

पहिला किस्सा गाडी सुरू व्हायच्या आधीचा. आईनं ठरवलं होतं की कुकर सोबत न्यायचा. तो सापडेना. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र डब्लिनच्या इंग्लिशमध्ये येतं. ती वरून ओरडली, "आजी, इट्स इन द प्रेस!"

इथं कपाटाला प्रेस म्हणतात. हे आईला कुठून ठाऊक?

पाच मिनिटांनी मी किचनमध्ये गेलो तर आई हताश होऊन उभी. वरुडची भाषा तिनं आयर्लंडमध्येही सोडलेली नाही. मला म्हणाली, "मी म्हटलं कुकर कुठी हाय, तं थे म्हंते प्रेसले देल्ला! कुकरले कोण इस्त्री करते, बापा?"

* * *

स्लायगो मागे पडलं आणि रस्ते बारीक झाले. त्या भागात एक पद्धत आहे. समोरून गाडी आली की ड्रायव्हर स्टीअरिंगवरचं एक बोट उचलतो. ओळख असो-नसो. मीही उचलायचो.

बाबा पुढच्या सीटवर. तासभर त्यांनी हे मुकाट्यानं पाहिलं. मग म्हणाले, "तुह्या लय ओळखी हायेत रे इकडे!"

मी समजावून सांगितलं, ओळख नाही, नुसती रीत आहे. बाबांना ते फार आवडलं. पण एका बोटाचा नमस्कार त्यांना अपुरा वाटला. ते दोन्ही हात जोडून, मान लववून, प्रत्येक गाडीला रीतसर नमस्कार करू लागले. कारला, व्हॅनला, दूधवाल्या टँकरला. लोक बघत राहायचे. मला आधी जरा लाज वाटली, मग सवय झाली.

तिसऱ्या दिवशी आर्डाराच्या पुढं समोरून ट्रॅक्टर आला. आदल्या दिवशी त्याच रस्त्यावर दोनदा भेटलेला तोच लाल ट्रॅक्टर. बाबांनी हात जोडले. त्या बाबाजीनं काय करावं? स्टीअरिंग सोडलं आणि दोन्ही हात जोडले!

मी गाडी डावीकडच्या काटेरी झुडपात घातली म्हणून आपण आज बोलतोय.

* * *

किलीबेग्जच्या पुढं एका ठिकाणी बीच सापडेना. नेटवर्क नाही. एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते, त्यांना विचारलं. त्यांनी वारा, पाऊस, बटाटे यांच्याबद्दल बरंच सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "युअर मॅन इन द शॉप विल टेल यू."

युअर मॅन म्हणजे इकडे नुसतं "तो अमुक-तमुक". आई मागच्या सीटवर एकदम सावरून बसली. युअर आणि मॅन हे दोन्ही शब्द तिला येत होते.

"आपला माणूस हाय काय इथं? दुकानात?"

मी सांगायला तोंड उघडलं तोवर तिनं केस सारखे केले होते, पदर नीट घेतला होता आणि शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर. पाच महिन्यांत तिला आमच्याशिवाय कुणी मराठी माणूस भेटला नव्हता. मी गाडी दुकानाकडे वळवली.

दुकानात सव्वासहा फुटी, लालबुंद चेहऱ्याचा, पिंगट दाढीचा माणूस. आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग डबा काउंटरवर ठेवलाच.

त्यानं एक शंकरपाळा खाल्ला. दुसरा खाल्ला. "दॅट्स ग्रँड!" म्हणाला आणि मूठभर घेतले. बीचचा रस्ता सांगायला तो माणूस स्वतः गाडी घेऊन आमच्या पुढं निघाला, पाच किलोमीटर.

आई गाडीत म्हणाली, "चेहऱ्यावरून वाटत नाई, पण हाय आपलाच."

* * *

तो बीच म्हणजे काय सांगू! दोन मैल पांढरी वाळू आणि एकही माणूस नाही. आई साडीवर मंजिरीचं जाड फ्लीस जॅकेट, पायात मोजे आणि चप्पल अशा थाटात उभी.

तेवढ्यात पाण्यातून एक बाई बाहेर आल्या. सत्तरीच्या पुढच्या सहज असतील. साधा पोहण्याचा पोशाख, ओठ निळे, चेहरा हसरा. "इट्स ओन्ली लव्हली!" आईकडे बघून त्या म्हणाल्या. "इन यू गो!"

आईला हे आव्हान वाटलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई आंघोळ करून आली आणि मी नुसते पायही भिजवू नयेत? तिनं मोजे काढले, निऱ्या वर धरल्या, ठामपणे चालत गेली आणि लाटेत उभी राहिली.

पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं.

मग दोन मैल ऐकू जाईल अशा आवाजात, "हिच्या लव्हलीले आग लागो!"

* * *

डोनेगलच्या काही भागांत लोक घरीसुद्धा आयरिश बोलतात. पाट्याही फक्त आयरिशमध्ये. आम्ही सगळे निरक्षर, एकटी ईरा साक्षर! तिला शाळेत आयरिश आहे. प्रत्येक वळणावर तिचा भाव वाढत होता.

एका छोट्या दुकानात मंजिरी तिला म्हणाली, "आता या काकूंशी आयरिशमध्ये बोलून दाखव ना."

ईराचा चेहरा पडला. बराच विचार करून ती एक लांबलचक वाक्य बोलली, एका दमात. काकू खूश! काउंटरमागून बाहेर आल्या, ईराला मागच्या दारानं आत घेऊन गेल्या. आम्ही भारावून वाट पाहतोय. काय विचारलं असेल पोरीनं? इतिहास? हवामान?

दोन मिनिटांनी ईरा परत आली, लालेलाल. माझ्या कानात इंग्लिशमध्ये कुजबुजली. शाळेत पहिल्या वर्गापासून प्रत्येक मुलाचं पाठ असतं असं ते एकच वाक्य होतं, "बाई, मी टॉयलेटला जाऊ का?" काकूंना वाईट वाटू नये म्हणून ती जाऊनही आली!

आम्ही हसून हसून बेजार. आईनं मात्र चटकन पर्स माझ्या हातात दिली.

"कुठंय थे? सकाळपासून मीच विचारीन विचारीन करून राहिली होती!"

* * *

मंजिरीबद्दल सांगायचं तर ती झोपली. युरोपातले सगळ्यात उंच म्हणावेत असे समुद्रकडे आले, ती झोपलेली. डॉल्फिन दिसले, झोपलेली. ईराच्या खांद्यावर डोकं, तोंड उघडं. ईरा हलायची नाही. "पाय आखडला का गं?" मी विचारायचो. ती ओठांवर बोट ठेवायची. दोन तास, तीन तास. पुढं कितीतरी दिवस ईरा सगळ्यांना सांगायची की ट्रिपमधलं तिचं फेव्हरिट म्हणजे "द कार". लोकांना वाटायचं, पोरीला समुद्र आवडला नाही.

* * *

बाबा पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झाले. वरुडकडे त्यांना सगळे ढोरांचे डॉक्टर म्हणतात. डोनेगलमध्ये मेंढरांच्या पाठीवर निळे-लाल रंगाचे पट्टे असतात, कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून. ते पाहून बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "इकडे पोळा मेंढ्याइचा असते वाटते!"

चौथ्या दिवशी ग्लेनकोल्मकिलच्या रस्त्यावर ते एकदम ओरडले, "थांबव! गाडी थांबव!"

मी करकचून ब्रेक मारला. बाबा दार उघडून निघालेसुद्धा. लोखंडी फाटकावर चढून पलीकडे! वय अडुसष्ट. लांब शेतात एक मेंढी उताणी पडलेली, चारी पाय आभाळाकडे.

"मेली बिचारी," मी म्हणालो.

"मेली नाई, अटकली. लोकर कापाची राह्यली तिची. अशी पडली का उठता येत नाई, पोट फुगून जीव जाते."

त्यांनी तिला कुशीवरून लोटलं, उभं केलं आणि दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवलं. ती डुलत होती. बाबा तिच्या पोटावर हात फिरवत वऱ्हाडीत समजावत होते, "उभी राय वं माय, घाई नको करू, उभी राय."

तेवढ्यात शेतकरी आला, कुत्र्यासकट. परका माणूस, आपली मेंढी गुडघ्यांत! तो चालता चालता थांबला. मग त्याला कळलं. लांबूनच तो काहीतरी बोलला. त्याचा उच्चार असा की बारा वर्षं आयर्लंडमध्ये राहून मला एक शब्द कळला नाही. बाबांनी वऱ्हाडीत उत्तर दिलं. त्यानं मेंढीच्या पोटाकडे बोट करून काही विचारलं. बाबांनी मान हलवली, दुसऱ्या एका लंगडणाऱ्या मेंढीकडे बोट दाखवलं. दहा मिनिटं दोघं बोलले! मेंढी सुटली आणि कळपाकडे पळाली.

फाटकाशी येऊन शेतकऱ्यानं या वेळी आम्हाला कळेल असं सावकाश विचारलं, "हे डॉक्टर आहेत का?"

मंजिरी फ्लीसच्या खिशात हात घालून उभी होती. चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिला तशी हसताना पाहिली.

"हो," ती म्हणाली. "हेच डॉक्टर. मी नुसती माणसांचं बघते."

* * *

आई-बाबांना पुढं ऑक्टोबरात विमान मिळालं. आता रविवारी व्हिडिओ कॉल होतो, ईरा स्क्रीनला नाक लावून बसते आणि बाबा अजून विचारतात, त्या लंगड्या मेंढीचं काय झालं असन. शेवटचा किस्सा मात्र कॉलवर कुणी काढत नाही. तो मी तुम्हालाच सांगतो.

शेवटचे दोन मुक्काम मॅलिन हेडजवळ, एका बीअँडबीमध्ये, म्हणजे राहण्या-नाश्त्याची सोय असलेल्या घरात. मालकीणबाई नोरा, साठीच्या. त्या वर्षातले आम्ही त्यांचे पहिलेच पाहुणे. संध्याकाळी आम्ही किचनमध्ये चहा घेत होतो. भिंतीवर होडीत उभ्या एका माणसाचा फोटो होता. मंजिरीनं विचारलं.

"माझा नवरा," नोरा म्हणाली. "एप्रिलमध्ये गेला."

चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. घरी कुणी यायचं नाही. "सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं, सहा-सहा फुटांवर. शवपेटीची गाडी गेली तशा सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग सगळे आपापल्या घरी गेले आणि मी इथं येऊन किटली ठेवली." एवढं बोलून ती कपबश्या विसळू लागली.

मंजिरीनं वॉर्डात काय काय पाहिलं होतं ते आम्हाला अजूनही पुरतं माहीत नाही. आईनं मला विचारलं, बाई काय म्हणाली. मी सांगितलं.

"मंग हिच्या घरी बसाले कोणीच नाई आलं?"

"नाही आई."

"पिठलं-भाकर कोणी आणली?"

आमच्याकडे मयतीच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी पिठलं-भाकर आणून समोर बसून खाऊ घालतात. "तीन महिने झाले त्याला," मी म्हणालो.

"होऊ दे ना. कोणी आलंच नाई म्हंते ना थे?"

तिनं पिशवीतून बेसन काढलं, ज्वारीचं पीठ काढलं. नोराकडे बघून गॅसकडे हात केला. नोरा बाजूला झाली. अर्ध्या तासात पिठलं, चार भाकरी, कांदा. आईनं ताट नोरापुढं ठेवलं. मग खुर्ची उचलून उघड्या दारापाशी लांब ठेवली आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही जा बाहेर. अशा वक्ताले गर्दी नसते करत."

आम्ही चौघं बागेच्या कठड्यावर बसलो. खिडकीतून दिसत होतं. नोरानं भाकरीचा तुकडा मोडला. थोडं खाल्लं. मग बोलू लागली. हातांनी होडी दाखवली, मासा केवढा ते दाखवलं, हसली. मग डोकं टेबलावर टेकवलं. आईनं पदरानं डोळे पुसले, तीही काही बोलली, बराच वेळ. नोरा मान हलवत होती. दीड तास!

आईला इंग्लिशमध्ये थँक्यू येतं. सॉरी येतं.

ती बाहेर आली तेव्हा बाबांनी विचारलं, "काय म्हणे?"

"माणूस चांगला होता म्हणे. पण मनातलं बोलाचा नाई कोणापाशी."

सकाळी निघताना नोरा गाडीपाशी आली. आईच्या खिडकीच्या काचेवर तिनं बाहेरून तळवा ठेवला, आईनं आतून. मग ती वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि वाकून म्हणाली,

"तुमच्या आईचं इंग्लिश किती सुंदर आहे हो!"