ताईंच्या खिडकीतले फोन

आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या भिंती चिऱ्याच्या, हातभर जाड. आत मोबाइलला रेंज म्हणून येत नाही. येते ती फक्त रस्त्याकडच्या खिडकीत, आणि तिथं टेबल लावून बसतात ताई, ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या. त्यामुळे सकाळी आल्याबरोबर जो तो आपला फोन त्यांच्या खिडकीत ठेवतो. बाजारात मासळीचे वाटे मांडावेत तसे ते दिवसभर ओळीनं पडून असतात.

ठेवण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार ताईंबद्दल होती. फोन वाजला की त्या नाव वाचणार, उचलणार, "ते कामात हायत, मला सांगा" म्हणणार आणि निरोप साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असा ओरडून देणार. कुणाला येताना कोथिंबीर आणायचीय, कुणाचं लग्न कुठं फिसकटलंय, सगळं सगळ्यांना ठाऊक. वर सल्ला फुकट. बाकीचे हसून घ्यायचे. माझं डोकं फिरायचं.

यंदा माझा मुलगा पहिल्यांदाच बोटीवर गेला. त्याची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ऐन आंब्याच्या सीझनमध्ये त्याचा फोन आला. "बाबा, मला नाय जमत इथं. परत येऊ?" एवढी खटपट करून नोकरी मिळाली होती, मी भडकलो. म्हणालो, "परत येणार असशील तर माझ्या घरी येऊ नकोस." तो "बरं" म्हणाला. हे सगळं त्या खिडकीत उभं राहून झालं. मी फोन खाली ठेवतोय तोच ताई म्हणाल्या, "असा बोलतात काय पोराला?"

झालं! साऱ्यांदेखत मी त्यांच्यावर ओरडलो. "माझ्या घरातलं मी बघून घेईन. यापुढं माझ्या फोनला कुणी हात लावायचा नाही. वाजला तरी वाजू दे." ताईंनी माझा फोन तेवढा दोन बोटांनी खिडकीच्या पार टोकाला सरकवला.

मुलाचा फोन येईनासा झाला. बोट बंदराला लागल्याशिवाय त्याला बोलता येत नाही हे माहीत होतं, तरी चैन पडेना. खुर्चीतून उठायचो, खिडकीशी जायचो, काळी स्क्रीन बघून परत यायचो. शेजारचा दिवसभर पेन टकटकवतो, समोरचा जेवण झाल्यावर दात कोरत बसतो. एरवी मी तिकडे बघतही नाही, पण त्या दिवसांत दोघांनाही उठून चोपावंसं वाटायचं.

एका दुपारी मागच्या गोडाऊनमध्ये आंब्याच्या पेट्या ट्रकात चढवून घेऊन आत आलो, तर ऑफिस चिडीचूप. कुणी माझ्याकडे बघेना. फोनवर मुलाचे मिस्ड कॉल होते. उलट लावला, लागला नाही. पुन्हा पुन्हा लावला.

"निदान हाक तरी मारायची!" मी म्हणालो.

"तुमीच बोललात ना, वाजला तरी वाजू दे," ताई म्हणाल्या. आवाज कापत होता त्यांचा.

एवढ्या माणसांत एकालाही हाक मारता येऊ नये याचा राग मला अजून आहे. पण त्या रात्री झोप लागली नाही ती रागानं नव्हे. पोरगं पुढच्या बंदरात उतरलंच, तर जाणार कुठं?

सकाळी मी फोन टोकाला ठेवला नाही. थेट ताईंच्या डब्याशेजारी ठेवला.

"वाजला की उचला," म्हणालो.

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि त्याला काय सांगायचा?"

पेनाची टकटक थांबली. सारं ऑफिस कान देऊन बसलेलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"सांगा," मी म्हणालो, "बाबा म्हणालेत, घर तुझंच आहे. ये."