मोठंच शीड

मुठीतली भाताची फोलपटं हवेत उडवायची, ती किती लांब पडतात ते पाहायचं आणि म्हणायचं, "भाऊ, मोठं शीड काढा." शहापूरजवळच्या आमच्या धरणावर शर्यतीच्या छोट्या बोटी सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे दर रविवारी मी हे वाक्य ऐकलं आणि दर रविवारी भांडलो.

हे म्हणणारी बाई एसटीत कंडक्टर, किन्हवलीच्या गाडीवर. अंगाने अगदी काडी. तुम्हीही पाहून म्हणाला असतात, ही वाऱ्याने उडेल. शीड जेवढं मोठं, तेवढं वजन बाहेर झुकवून बोट सरळ धरावी लागते. हलक्या माणसाने लहान शीड लावावं, हा साधा हिशेब. तो सांगितला की बाई म्हणायची, "धावत्या गाडीत दोन्ही हात सोडून तिकिटं देते मी. तोल मला शिकवू नका."

तिची बोट दुसऱ्या क्लबाकडून मागून आणलेली. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आली तर बोट तिच्याकडे राहणार, नाही तर परत जाणार, असं ठरलेलं.

त्याआधीच्या सरावाच्या शर्यतीत तिची फजिती झाली. खळ्यावर भात वारवत वाढलेली बाई, वारा तिला कळायचा. पण आमचा काठ डोंगराच्या आडोशाला. तिथे फोलपटं पायाशीच पडली, हिने मोठं शीड चढवलं आणि धरणाच्या मध्यावर खिंडीतल्या वाऱ्याने बोट पुन्हा पुन्हा उलटवली. बाई शेवटून पहिली.

"काय गो, आता तरी ऐकशील?" मी विचारलं.

केस पिळत म्हणाली, "काठावरचा वारा काठापुरता. चुकलं माजं. शीड नाय चुकलं."

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी तिने मला होडी वल्हवत मध्यावर न्यायला लावलं आणि तिथे मूठ उघडली. फोलपटं सुसाट गेली. आता तरी शहाणी होईल म्हणून परतल्यावर मी लहान शीड बाहेर काढलं.

"मोठंच," बाई म्हणाली. "लहान लावून पडणार नाय, पन तिसरी पन येणार नाय. तुमी फकस्त त्याचं पोट काढा."

पोट काढायचं म्हणजे दोऱ्या ताणून शिडाचा फुगवटा घालवायचा, वारा कमी धरावा म्हणून. मी हात सोलवटेपर्यंत ताणलं. शीड भाकरीसारखं सपाट झालं.

शेवटच्या वळणापर्यंत ती तिसरी होती. पाय बोटीतल्या पट्ट्यात अडकवून, पाठ पाण्याला टेकेल इतकी बाहेर. काठावर आम्ही सगळे ओरडत होतो. मग जोराचा झोत आला आणि ठाण्याचा एक जाडजूड गडी तिला मागे टाकून गेला. बाई चौथी आली. एकदाही उलटली नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू!

बोट टेम्पोत चढवताना तिने दोऱ्या स्वतः सोडवल्या.

पुढच्याच महिन्यात कळलं, बाईने बदली मागितली. लोक घराजवळ येण्यासाठी वशिले लावतात, हिने समुद्रकाठचा डेपो मागून घेतला.

"तिथे बोट कोण देणार तुला?" मी चिडून विचारलं.

"आधी जाते तर खरी. मागीन कोनाकडं तरी."

गेलीसुद्धा. आता शिकायला येणारे मी देईन ते शीड निमूट लावतात. कोणी भांडत नाही. रविवार खायला उठतो.