लांब दांडीची करवत

सकाळी शेजाऱ्यांनी कडुलिंबाच्या फांद्या छाटायला माणूस बोलावला. ओल्या लाकडाचा कडवट वास स्वयंपाकघरात आला आणि मला भूकंपानंतरचं लातूर आठवलं.

तडे गेलेलं घर पाडून आम्ही पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. तिथं शिकवणीसाठी आलेल्या मुली राहायच्या. खोल्यांवर कडुलिंबाच्या फांद्या आल्या होत्या, त्यातली एक फार जड होती. त्या तोडायला झाडं छाटणारे रशीदचाचा आले. त्यांना बारीक फांदीवर जावं लागू नये म्हणून माझ्या नवऱ्यानं बांबूला करवत बांधून दिली.

चाचा म्हणाले, "साहेब, हिला दोन्ही हात लागत्यात. मग झाडाला धरू कशानं?"

"बघा तर एकदा," आम्ही दोघंही म्हणालो.

मुलींना बाहेर काढलं. चाचा बेचक्यात उभे राहून, अंग झुकवून कापू लागले. अर्धी कापलेली फांदी वाकली, करवत तिच्यात अडकली आणि बांबूला असा हिसका बसला की चाचांचा पाय सुटला. त्यांनी बांबू सोडून खोडाला मिठी मारली. फांदी करवतीसकट पत्र्यावर कोसळली.

"करवत का सोडली?" मी ओरडले.

"सोडली म्हणून मी हाय, भाभी."

मग त्यांनी दोर आणि पडलेली करवत वर मागितली, कंबर खोडाला बांधली आणि त्याच करवतीनं उरलेल्या फांद्या काढल्या.

दोर आम्ही आधीच द्यायला हवा होता, हे आज कळतं. चाचा उतरले आणि खोडाला टेकून बसले. पाणी एका मुलीनं दिलं. मी पत्र्याला पडलेलं भोक बघत होते.