तीन मिनिटांत दोनदा

माझ्या दादाला कामावर सगळे ‘चाळण’ म्हणतात. त्याला राग येत नाही, उलट मनातून बरं वाटतं. जमिनीखालच्या लांबलचक गोल बोगद्यात प्रोटॉनांच्या झुंडी समोरासमोर येतात, सेकंदाला चार कोटी वेळा. एवढं सगळं साठवायला जगातले संगणक पुरायचे नाहीत. म्हणून ट्रिगर नावाची यंत्रणा डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवते, ही टक्कर ठेवायची, ही टाकायची. टाकली ती कायमची गेली. हा ट्रिगर नीट निवडतोय की नाही, हे तपासण्यात दादाची वीस वर्षं गेली.

“चांगल्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव पकडतो आम्ही,” तो जेवताना फुशारकीने सांगायचा.

“आणि उरलेल्या दोन?” आई विचारायची.

“सुक्याबरोबर ओलंही जळतं, आई.”

“ओल्याला विचारलंस का कधी?” म्हणून आई त्याला आणखी वाढायची.

त्या यंत्राचा एक नियम आहे. आत संवेदकांचे थरावर थर असतात. एकाच थराने ओरड केली तर ती खोटी कुरकुर समजायची. दोन थरांनी ठरलेल्या वेळात ओरड केली, तरच खरं. हाच नियम दादाने आपल्या मोबाइलला लावला. पहिला फोन वाजणारच नाही, नुसता पडद्यावर दिसेल. त्याच माणसाने तीन मिनिटांत परत केला, तर वाजेल. “खरं काम असलं की माणूस दोनदा करतोच,” तो म्हणाला. खोटं कशाला बोलू, मलाही ते हुशारीचं वाटलं होतं.

आई एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, दादाच्या कामापासून चालत दहा मिनिटांवर. मी शाळेत शिकवते, अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. तेव्हा आईचं दुखलंखुपलं दादाने बघायचं, हे न बोलता ठरलेलं होतं.

त्या दिवशी वर्षभर बंद असलेलं यंत्र पुन्हा सुरू व्हायचं होतं. दुपारी दादा नियंत्रण कक्षात पडद्यांसमोर, मोबाइल टेबलावर पालथा. आईचा फोन आला दोन वाजून दहा मिनिटांनी. दुसरा आला दोन चौदाला. एकही वाजला नाही. सहा वाजता शेजारच्या नर्सबाई कामावरून येऊन डोकावल्या, तेव्हा आई खुर्चीत होती. पायांत चपला, मांडीवर दवाखान्याची फाइल. पहिल्या अर्ध्या तासात आणलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी न सांगितलं तरी चाललं असतं.

मी दादाला नको नको ते बोलले. “तुझ्या चाळणीतून आई गळून गेली,” हेही बोलले. तो एवढंच म्हणाला, “चार मिनिटं का थांबली ती? तीनचा नियम पाठ होता तिला.” याला धरून बडवावं असं मला वाटलं. आई गेली आणि हा मिनिटं मोजत बसला होता.

आठवड्याने आम्ही दोघं खोल्या आवरायला गेलो. फोनशेजारी शंभर पानी वही सापडली. दादाने उचलला नाही की जे सांगायचं ते विसरू नये म्हणून आई तारीख घालून लिहून ठेवायची. ‘निळा स्वेटर सापडला, माळ्यावर होता.’ ‘जिन्यातला दिवा गेला.’ ‘काही नाही, सहज.’

दादा खाली बसून वाचू लागला. कामावर ते टाकाऊ टकरांतल्याही थोड्या न निवडता जपून ठेवतात, म्हणजे आपण काय हरवतोय ते कळतं. ती वही पाहून त्याला तेच आठवलं असणार. “यात अडलेलं काम एकही नाही गं,” तो म्हणाला, “सगळे बरोबर गाळले मी,” आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मग त्याला एक ओळ दिसली, दोन वर्षांपूर्वीची. ‘तीन मिनिटं होऊन गेल्यावर परत केला. उगाच वाजून त्याच्या कामात खोळंबा नको. मोकळा असला तर दिसेल.’ पुढे पानोपानी तसंच. आईने नियम पाळला होता, पण उलटा.

लिहिलेल्या शेवटच्या पानावरचं अक्षर तिरकं गेलं होतं. ‘२.१०. छातीत दुखतंय, घाम येतोय. आज यंत्र सुरू व्हायचंय त्याचं. तीन मिनिटं जाऊ देते, मग करते.’

मी दादाचं डोकं पोटाशी धरलं. एवढे दिवस त्याला बोलले त्याची लाज वाटली, आणि आईचा असा राग आला की विचारू नका.

आता दादाचा मोबाइल सगळ्यांसाठी वाजतो. मधल्या सुट्टीत मी लावते, तर पहिल्याच रिंगला उचलतो. मागून त्याला कुणी ना कुणी हाका मारत असतं.

“बोल.”

“काही नाही रे, सहज.”

“तरी सांग.”

मग मी सांगते, आमच्याकडे नळाला गढूळ पाणी येतंय, फळ्याचा एक कोपरा उखडलाय. तो मध्येच “थांब जरा” म्हणतो आणि लिहून घेतो. आईच्याच वहीत. तिची चाळीस पानं कोरी राहिली होती.