उलट्या रस्त्याची खोली

आठवडाभर ती लोकांचे कपडे शिवते आणि रविवारी गल्लीतली मुलं गोळा करते. कधी नाल्याकाठच्या गोगलगायी बघायला नेते, कधी मुंग्यांच्या मागे सगळे अर्धा दिवस ओणवे चालतात. ऊन फार झालं की मुलांचं हे विज्ञान मंडळ तिच्या शिवणाच्या खोलीत भरतं.

त्याच खोलीत तिच्या सासऱ्यांची खाट आहे. जन्मभर बस चालवलेला माणूस, कंबर मोडल्यापासून पाठीवर पडून असतो. पायांकडच्या खिडकीतून त्यांना आभाळाचा तेवढा एक तुकडा दिसतो. बेडकांची पिल्लं त्यांनी सोसली, व्हिनेगरचा वास सोसला. पण मागच्या खेपेला तळ्याच्या पाण्याची बाटली त्यांच्या उशीवर सांडली, तेव्हा त्यांनी सुनेला सांगून टाकलं, की आता एकच रविवार, मग हा पोरखेळ बंद. दुसरी खोली स्वयंपाकाची आणि बाहेर तर कडक ऊन. म्हणजे मंडळच बंद.

ती वाद घालत बसली नाही. शेवटच्या रविवारी तिने खिडकीला काळं अस्तर ठोकलं आणि मधोमध भोक पाडलं. पण उघडी कड तिला बघवेना. तिने त्याचं कोटाला शोभेल असं काज केलं, दोऱ्याने छान बांधलं. दार लावलं. मुलं श्वास रोखून बसली. सासऱ्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर एक फिकट डाग उमटला.

सासरे म्हणाले, "एवढा खटाटोप करून ढग धरलात होय."

मुलं हसली. तीही हसली. एवढ्या मोठ्या भोकातून उजेडाची नुसती गर्दी आत येत होती. तिने काजावर काळा पुठ्ठा लावला आणि खिळ्याने टोचला. या वेळी कड तशीच ठेवली.

डोळे अंधाराला सरावले आणि भिंतीवर रस्ता हळूहळू उतरला. झाडं वरून लोंबत होती. घंटी एका बाजूला वाजली नि सायकल भलतीकडेच, चाकं वर करून, निघून गेली. सगळ्यांच्या खाली आभाळ साठलं होतं, तळ्यासारखं.

"काकू, माणसं पडतील ना," एक मुलगी कुजबुजली.

"पडतील कशाला? सरळ तर चाललीत," खाटेवरून आवाज आला.

मुलांना ती थट्टा वाटली. पण सासऱ्यांनी उशीवरून मान मागे टाकली होती. डोकं भिंतीकडे करून, उताणं पडून बघणाऱ्या त्या एकट्या माणसाला रस्ता सुलटा दिसत होता.

"बघ, थांब्याच्या पुढे नेऊन उभी केली बस. बाईला पळायला लावतोय, गाढव."

मग एकेक मूल खाटेशेजारी जमिनीवर आडवं झालं, माना मागे टाकून. बाहेरची माणसं त्यांच्या कपाळांवरून चालत राहिली.

ऊन उतरलं तशी ती अस्तर काढायला उठली.

"राहू दे, सूनबाई," सासरे म्हणाले. मग खालच्या अंधाराला उद्देशून, "पुढच्या रविवारी आपापल्या उशा आणा. माझी मिळणार नाही."